परस्पर दिलेली माफी

पडदेवाल्या काकूंचा देवावर विश्वास होता, पण चार लोकांचा असतो तसा नव्हता. लोक देवाकडे नोकरी मागतात, मूलबाळ मागतात, निदान गुडघेदुखी तरी थांबव म्हणतात. काकू रोज सकाळी तोंड धुऊन खिडकीपाशी उभ्या राहायच्या आणि एका माणसासाठी दीर्घायुष्य मागायच्या. तो माणूस त्यांच्या नात्यातला नव्हता की गोत्यातला नव्हता. तो त्यांचा वैरी होता. 'ह्याला झोपेत नेऊ नकोस,' असं त्या देवाला बजावायच्या. 'झोपेतलं मरण चांगल्या माणसांसाठी ठेव. ह्याला धडधाकट राहू दे, सगळं फेडून घे आणि मगच सोड.'

एकदा तो वैरी न्यूमोनियाने आडवा झाल्याचं कानावर आलं, तेव्हा काकूंच्या घशाखाली घास उतरेना. औषधाच्या दुकानात जाऊन त्या दर दोन दिवसांनी चौकशी करायच्या. दुकानदाराला वाटलं, काय माया आहे बाईची. तो बरा होऊन घरी आल्याचं कळलं त्या दिवशी काकूंनी पाव किलो साखर घातलेला शिरा खाल्ल्यासारखा तृप्त चेहरा करून शिवणाचं मशीन चालवलं.

हा वैरी म्हणजे मुकादम. दारं-खिडक्या बनवणाऱ्या लाकडाच्या गिरणीत तो मुकादम होता आणि काकूंचे यजमान तिथे गोल करवतीवर होते. हे यजमान म्हणजे भलता शांत माणूस. बोलायचा कमी, हसायचा जास्त, आणि दारू तर त्याला सोसायचीच नाही. लग्नात कोणी आग्रहाने घोटभर पाजली, तर अंगावर गांधी उठल्या आणि नवरदेव दोन दिवस खाजवत बसला. काकू त्यावरून त्याला जन्मभर चिडवायच्या. जन्मभर म्हणजे तरी किती, पोरगं शाळेत जायला लागलं तोवरच.

एका दुपारी गिरणीतून निरोप आला. करवतीचं पातं लागून माणूस जागच्या जागी गेला होता. रात्र व्हायच्या आत आणखी एक बातमी गावभर झाली, की प्यायलेला होता. मुकादमाने चौकशीत तसं सांगितलं. शर्टाला वास होता. तपासणाऱ्या डॉक्टरांनीही सांगितलं, तोंडात दारू होती. झालं, विषय मिटला. गिरणीने हात झटकले. भरपाईचे पैसे मिळाले नाहीत ते नाहीत, ते सोसता येतं. काकूंनी घरातली खाट विकून मशीन घेतलं आणि पडदे शिवायला सुरुवात केली. पण मेलेल्या माणसाला ना बोलता येतं, ना शर्ट काढून गांधी दाखवता येतात. काकूंनी ज्याला त्याला सांगून पाहिलं. लोक मान हलवायचे आणि एकमेकांकडे बघायचे. सगळ्याच बायका असं म्हणतात, हे त्या बघण्यात असायचं.

पुढे कधीतरी गिरणीतला एक कामगार कायमचा गाव सोडून जायला निघाला, तेव्हा दारात उभ्या उभ्या त्याने काकूंना खरं काय ते सांगितलं. घाईची ऑर्डर होती. पात्यावरचं लोखंडी झाकण मधे मधे येतं, काम रेंगाळतं, म्हणून मुकादमाने ते काढायला लावलं. माणूस गेल्यावर मुकादमानेच झाकण परत बसवलं आणि खोलीतून बाटली आणून शर्टावर ओतली. हे ह्या कामगाराने दाराच्या फटीतून पाहिलं होतं. "कुठे बोलायला मात्र मला बोलावू नका, वहिनी," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. पुन्हा दिसला नाही.

त्याच दिवशी काकू देव मानायला लागल्या. त्याआधी त्यांना देवाची फारशी गरज पडली नव्हती. आता पडली. साक्षीदार नाही, पुरावा नाही, मग शिक्षा करणारं कोणीतरी हवंच ना. तो नसेल तर मुकादम सुटलाच की. तेव्हा देव आहे. काकूंचं सगळं धर्मशास्त्र एवढंच होतं. देवाच्या काठीला आवाज नसतो, असं लोक त्यांना समजवायचे. काकू म्हणायच्या, आवाज नसेना का, काठी तरी आहे ना? मग घालू दे एकदा.

काठी काही पडेना. मुकादम निवृत्त झाला. त्याचं घर दुमजली झालं, गाल वर आले, नातवंडं झाली. काकूंच्या केसांचा कापूस झाला आणि शरीराची काडी झाली. त्यातही खरं दुखणं बाहेरचं नव्हतंच, ते घरात होतं.

काकूंचा मुलगा शहराच्या बसवर ड्रायव्हर होता. सज्जन, सरळ, आणि दारूच्या थेंबाला न शिवणारा. न शिवण्याचं कारण तो अभिमानाने सांगायचा, की वडिलांचं झालं ते पुरे झालं. लहानपणी शाळेत पोरांनी त्याला 'बाटली' म्हणून हाक मारली होती. तेव्हा तो रडला, मग भांडला, आणि मग एक दिवस त्याने ते मान्य करून टाकलं. मान्य केलं की चिडवणाऱ्यांची मजा जाते. काकूंनी त्या कामगाराचं बोलणं त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "आई, शर्टावर ओतली असेल. पण तोंडात कशी आली? डॉक्टर कशाला खोटं बोलेल?"

 काकू पुन्हा पुन्हा सांगायच्या, ते प्यायले नव्हते रे. तो म्हणायचा, "बरं, आई." हे 'बरं, आई' काकूंना मुकादमाहून जास्त लागायचं. त्याहून लागायचं ते वेगळंच. मुलगा आपल्या पोरांना मांडीवर घेऊन सांगायचा, आजोबांसारखं करायचं नाही बरं का. काकू शेजारच्या खोलीत मशीनवर असायच्या. त्या मशीनचं पायडल जोरात दाबायच्या, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये. आणि कधीकधी, उगाच खोटं कशाला बोला, त्यांच्याही मनात यायचं की खरंच, तोंडात कशी आली? त्या दिवशी कोणी आग्रह केला असेल का? असा विचार आला की त्या स्वतःच्याच तोंडावर हात मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी मुकादमासाठी दुप्पट आयुष्य मागायच्या.

वाचनालयाच्या बैठकीला त्या जायला लागल्या त्या पडद्यांमुळे. खिडक्यांची मापं घ्यायला गेल्या होत्या, तर आतल्या दालनात माणसं गोल करून बसली होती. ग्रंथपाल बाईंनी चहा पुढे केला, चहाबरोबर खुर्ची आली. तिथे दर आठवड्याला लोक जमायचे आणि आपण काय मानतो, काय मानत नाही, ते सांगायचे. पूर्वी ह्या बैठकीत फार भांडणं व्हायची. एकदा तर एकाने दुसऱ्याच्या देवाचं काहीतरी काढलं आणि वाचनालयाची खुर्ची मोडली. सरकारी खुर्ची मोडल्यावर ग्रंथपाल बाईंनी नियम केला. एकाने बोलायचं. त्याच्या डाव्या हाताच्या माणसाने ऐकलेलं सगळं पुन्हा सांगायचं, आणि तेही 'मी' म्हणून, जणू ते आपलंच आहे. मधे कोणी बोलायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही. सांगून झालं की मूळ बोलणाऱ्याने एक तर 'बरोबर' म्हणायचं, नाहीतर चुकलं असेल ते दुरुस्त करायचं. तो बरोबर म्हणेपर्यंत सांगणाऱ्याची सुटका नाही.

हा नियम म्हणजे गंमतच होती. गणिताचे निवृत्त मास्तर पक्के नास्तिक. ते बेकरीवाल्याच्या डावीकडे बसायचे. बेकरीवाला सांगायचा, "पहाटे भट्टी पेटली की मला वाटतं, मागे कोणीतरी उभं आहे. मी वळून बघत नाही. बघितलं तर जाईल." मग मास्तरांना तोंड कडू करून म्हणावं लागायचं, "मला वाटतं, माझ्या मागे कोणीतरी उभं आहे. मी वळून बघत नाही. कारण बघितलं तर कोणी नसेल हे मला ठाऊक आहे." बेकरीवाला म्हणायचा, "चूक." मास्तरांना पुन्हा म्हणावं लागायचं. शेवटी ते पुटपुटत 'जाईल' म्हणायचे आणि सगळे हसायचे.

मास्तरांची स्वतःची गोष्ट अशी, की देव नाही हे माहीत असूनही ते परीक्षेआधी मुलांना देवाचं नाव घ्यायला सांगायचे, कारण अवघड पेपर त्यांनीच काढलेला असायचा आणि मुलांच्या तोंडाकडे बघायची त्यांना लाज वाटायची. नर्सबाई म्हणायच्या, "मी काही मानत नाही. पण पेशंट गेला की त्याच्या कानात 'झालं आता' म्हणते. कोणाला म्हणते, विचारू नका." हे त्यांच्या डावीकडच्या धिप्पाड बेकरीवाल्याने 'मी म्हणते' करत सांगितलं की ऐकायला मोठी मौज यायची.

काकू मात्र आपल्या पाळीला एकच वाक्य बोलायच्या. "मी मानते. पुढे." त्यांच्या डावीकडे बसायला चढाओढ असायची, काम सोपं म्हणून.

आणि एका आठवड्यात मुकादम आला.

सुनेच्या हाताला धरून आला. काठी टेकत, पण चेहरा कसा टवटवीत. काकूंनी त्याला पाहता क्षणी ओळखलं. त्याने काकूंना ओळखलं नाही. ओळखायला आधी कधी नीट पाहिलेलं असावं लागतं. तो बसला, सगळ्यांना नमस्कार केला आणि पाळी आल्यावर मऊ आवाजात बोलू लागला. "मी एका गिरणीत मुकादम होतो. तरुणपणी माझ्या हातून एक मोठं पाप झालं. एका माणसाच्या बाबतीत झालं. काय ते आता उगाळत नाही. कैक वर्षं मला झोप नव्हती. मग आजारपणात एका सकाळी जाग आली आणि छातीवरचा दगड कोणीतरी उचलल्यासारखं झालं. मला कळलं, देवाने मला माफ केलं. तेव्हापासून मी लहान मुलासारखा झोपतो."

त्याच्या डावीकडे नर्सबाई होत्या. त्यांनी ते सगळं भरल्या आवाजात पुन्हा सांगितलं. मुकादम प्रत्येक वाक्याला मान डोलवत 'बरोबर, बरोबर' म्हणत गेला. सुनेने डोळ्यांना पदर लावला. बेकरीवाल्याने नाक ओढलं. काकू खुर्चीला खिळल्या होत्या. 

त्या घरी कशा आल्या त्यांनाच कळलं नाही. माफ केलं म्हणे. कधी केलं? तर न्यूमोनियात केलं. म्हणजे इकडे मी औषधाच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवत होते, ह्याला वाचव म्हणून, देवा, तुझ्या विनवण्या करत होते, आणि तू तिकडे ह्याच्या छातीवरचा दगड उचलत होतास? मला विचारलंस? माझ्या घरावर नांगर फिरला, माझ्या पोराला पोरं बाटली म्हणाली, आणि माफी परस्पर वाटायला तू कोण? काकूंनी खिडकी बंद केली. खिडकी आपटल्याचा आवाज खालच्या मजल्यावर गेला.

मुलगा ड्यूटीवरून आला तेव्हा त्यांनी सांगितलं, मुकादम बैठकीला आला होता. मुलाने बूट काढता काढता ऐकून घेतलं. "आई, म्हातारा झालाय तो. देवाने माफ केलं म्हणतो ना? मग तू तरी सोड."

"काय पाप केलं ते बोलला नाही."

"आता बोलून काय होणार? आणि बाबांची चूक नव्हती असं थोडंच आहे?" लगेच त्याला वाटलं, नको होतं बोलायला. "बरं, आई. जेवायला बसू."

काकू जेवायला बसल्या.  शिवण चुकली तर वरून ठिगळ लावायचं नसतं, ती उसवावी लागते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

मुकादम पुढच्या आठवड्यातही आला, आणि त्याच्याही पुढच्या. माणसाला पश्चात्तापाचीही चटक लागते. तो दर वेळी तेच सांगायचा, आणि दर वेळी त्याला नवी झळाळी यायची. दगडाचा डोंगर झाला. लहान मुलाचं तान्हं बाळ झालं. पाप मात्र तेवढंच राहिलं, बिनचेहऱ्याचं, 'एका माणसाच्या बाबतीत' एवढंच. आणि काकूंच्या एक गोष्ट लक्षात आली. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मुकादमाचे डोळे मिटायचे, मान लयीत हलायची, आणि वाक्य संपायच्या आतच त्याच्या तोंडून 'बरोबर' निघायचं. सवयीने निघायचं. तो ऐकत नव्हता, झोके घेत होता.

वाचनालयाचे पडदे शिवून तयार होते. काकूंनी मुलाला सांगितलं, "ह्या खेपेला तू चल. दांड्या बसवायच्या आहेत. माझा हात पोचत नाही."

"बैठक संपल्यावर लावू की."

"तेव्हा ते कुलूप लावतात. तू तुझं काम कर, त्यांचं चालू दे." ग्रंथपाल बाईंनाही त्यांनी आधीच पटवून ठेवलं होतं, आवाज करणार नाही म्हणून.

त्या दिवशी काकू सगळ्यांच्या आधी पोचल्या. मुकादम नेहमी खिडकीजवळच्या हात असलेल्या खुर्चीत बसायचा. काकू तिच्या डावीकडे बसल्या आणि पदर खोचून घट्ट बसल्या. नर्सबाई आल्या, जागा गेलेली पाहून पलीकडे बसल्या. मास्तर काकूंच्या डाव्या हाताला आले आणि खूश झाले, एका वाक्यात सुटका म्हणून. मुलगा स्टुलावर चढून खिडकीच्या दांडीत कड्या ओवायला लागला. मुकादम आला, सुनेने त्याला बसवलं, काठी भिंतीला टेकवली आणि ती मागच्या बाकावर बसली.

पाळी फिरत फिरत मुकादमाकडे आली. त्याने सांगितलं. गिरणी, पाप, एक माणूस, दगड, माफी, झोप. शेवटी त्याने हात जोडले आणि डोळे मिटून घेतले.

काकूंची पाळी आली. त्यांनी घसा साफ केला.

"मी एका गिरणीत मुकादम होतो," काकू म्हणाल्या.

"बरोबर," मुकादमाने मान डोलवली.

"तरुणपणी माझ्या हातून मोठं पाप झालं. एका माणसाच्या बाबतीत झालं."

"बरोबर, बरोबर."

"त्या दिवशी घाईची ऑर्डर होती."

"बरोबर."

"तो माणूस गोल करवतीवर होता."

"बरोबर."

"पात्यावरचं झाकण काढून टाक, असं मी त्याला सांगितलं."

"बरो..." मुकादमाची मान अर्ध्यावर थांबली. त्याने डोळे उघडले.

काकू थांबल्या नाहीत. सांगणाऱ्याला मधे अडवायचं नाही, हा नियम होता, आणि तो सरकारी खुर्ची मोडल्यावर पक्का केलेला होता. "तो गेला. मग झाकण मी माझ्या हाताने परत बसवलं. मग बाटली आणली आणि त्याच्या शर्टावर ओतली. चौकशीला आलेल्यांना मी सांगितलं, हा प्यायलेला होता. ते सगळ्यांनी मानलं. त्याच्या पोरानेही मानलं. मग देवाने मला माफ केलं आणि आता मी तान्ह्या बाळासारखा झोपतो." काकूंनी मुकादमाकडे पाहिलं. "बरोबर सांगितलं का?"

 खिडकीपाशी कड्यांची खळखळ चालू होती, ती बंद पडली.

मुकादम काकूंच्या तोंडाकडे बघत होता. आता त्याने नीट पाहिलं.  "हे... हे मी बोललोच नाही," तो शेवटी म्हणाला.

ग्रंथपाल बाई गडबडल्या. "काकू, आपण फक्त ऐकलेलं..."

"थांबा," मास्तर म्हणाले. मास्तरांना देव नव्हता, पण नियम होता. "मधे बोलायचं नाही ठरलंय. बरोबर असेल तर त्यांनी बरोबर म्हणावं. चूक असेल तर चूक कुठे ते सांगावं. मला इतके आठवडे कोणी सोडलं का?"

मुकादमाने सुनेकडे पाहिलं. सून त्याच्याकडेच बघत होती आणि तिचा चेहरा असा होता, की तो 'नाही' म्हणेल ह्यावर तिचा सगळा भार होता. नाही म्हणायला काही लागत नव्हतं. साक्षीदार गाव सोडून गेला होता, गिरणी कधीच बंद पडली होती. पण मग देवाने माफ केलं ते काय केलं? इतके आठवडे डोळे मिटून जे सांगितलं, ते मग कशाबद्दल होतं? नाही म्हणायचं तर छातीवरून गेलेला दगड स्वतःच्या हाताने परत ठेवावा लागणार होता. काकूंना ते कळत होतं. त्यांनी माप घेऊनच कापड कापलं होतं.

"एक चुकलं," मुकादम खाली बघत म्हणाला. त्याचा मऊ आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "आधी तोंडात. आधी तोंडात ओतली. जबडा उघडून. नुसत्या शर्टाने कोणी मानलं नसतं. मग उरलेली शर्टावर."

हे काकूंना माहीत नव्हतं.  इतकी वर्षं जे कोडं त्यांच्या मुलाच्या घशात अडकलं होतं, त्यांच्याही अडकलं होतं, ते सुटलं. आणि सुटताना त्यांच्या माणसाचा जबडा कोणीतरी पुन्हा उघडला.  पण नियम सगळ्यांना सारखा. दुरुस्ती झाली की ती धरून पुन्हा सांगायचं, आणि 'मी' म्हणून सांगायचं.

"आधी मी त्याचा जबडा उघडला," काकू म्हणाल्या. शब्द सुटे सुटे येत होते. "त्याच्या तोंडात दारू ओतली. उरलेली शर्टावर ओतली. तो प्यायलेला नव्हता." मग त्या थांबून म्हणाल्या, "आता?"

"बरोबर," मुकादम म्हणाला.

मागच्या बाकावरून सून उठली. ती सासऱ्याकडे आली नाही. दाराकडे गेली आणि तिथे सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. मुकादमाने काठीसाठी हात लांब केला, काठी हाताला लागेना, आणि कोणी ती दिली नाही. बेकरीवाल्याने तर पाय जवळ ओढून घेतले. काकूंनी हे सगळं नीट पाहून घेतलं. त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. तहानेल्याला पाणी मिळावं तसं ते आत उतरत गेलं.

"ताई," मुकादम हात जोडून म्हणाला, "मला माफ..."

"तुमची पाळी संपली," काकू म्हणाल्या. "आता माझी आहे."

आजवर एका वाक्यात आटपणाऱ्या काकू त्या दिवशी बोलल्या. "मी देव मानत होते. ह्या माणसासाठी मानत होते. ह्याला शिक्षा करणारं कोणीतरी हवं म्हणून मी त्याला ठेवून घेतला होता. रोज ह्याच्यासाठी आयुष्य मागितलं. देवाने ते दिलं, माझं ऐकलं, आणि मग माझ्या परस्पर ह्याला माफ करून टाकलं. माझ्या वतीने माफी द्यायला मी त्याला नेमला नव्हता. म्हणून आजपासून मी त्याला मानत नाही. त्याने माफ केलं असेल, त्याचं तो बघेल. मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही. ह्यांनी खूप जगावं. आता त्यासाठी मी कोणाकडे मागत नाही, त्यांनाच सांगते. खूप जगा, आणि झोप येते का बघा. झालं माझं."

आता डावीकडच्याची पाळी. मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर कोणाचा तरी हात पडला.

"मास्तर, जरा उठता का?" काकूंचा मुलगा स्टुलावरून उतरून आला होता. एक कडी अजून त्याच्या बोटात होती. मास्तर उठले. मुलगा आईच्या डाव्या हाताला बसला. 

"मी देव मानत होते," तो म्हणाला. कोणी हसलं नाही. "ह्या माणसासाठी मानत होते. माझ्या परस्पर त्याने ह्याला माफ केलं. म्हणून मी आता मानत नाही. मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही." तो थांबला. त्याने बोटातली कडी काढून मांडीवर ठेवली. "माझा नवरा प्यायलेला नव्हता."

"एक मिनिट," मास्तर उभ्या उभ्या म्हणाले. नियम तो नियम. "हे शेवटचं त्या आत्ता बोलल्या नाहीत."

"इतकी वर्षं दुसरं काय बोलतेय?" काकू म्हणाल्या. "बरोबर आहे."